कॉर्व्हेअर : आरोपीच्या पिंजऱ्यातील मोटार

१.
२२ मार्च १९६६. वॉशिंग्टन येथे अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीची सुनावणी चालू होती. दूरचित्रवाणीचे कॅमेरे रोखलेले होते. साक्षीदाराच्या जागी जेम्स रोश बसले होते. जनरल मोटर्स या त्या काळातील जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचे ते अध्यक्ष. त्या दिवशी त्यांनी जाहीर माफी मागितली. ज्याची माफी मागितली, तो बत्तीस वर्षांचा एक वकील होता. त्याच्याजवळ ना मोठे पद होते, ना संपत्ती, ना स्वतःची मोटार.
एवढी बलाढ्य कंपनी या माणसापुढे का झुकली, याचा शोध घेताना एका छोट्या मोटारीपर्यंत जावे लागते. तिचे नाव शेव्हरोले कॉर्व्हेअर.

२.
ही गोष्ट सहसा चार वाक्यांत सांगितली जाते. कंपनीने धोकादायक गाडी बनवली. एका तरुणाने तिच्याविरुद्ध पुस्तक लिहिले. गाडी बंद पडली. देशात कायदा झाला.
चारही वाक्यांत तथ्य आहे. मात्र ऐकणारा त्यांच्यामध्ये नकळत तीन 'म्हणून' घालतो, आणि ते तिन्ही तपासून पाहावे लागतात. गाडी खरोखर इतरांपेक्षा धोकादायक होती का? ती पुस्तकामुळेच बंद पडली का? आणि कायदा झाला तो गाडीच्या दोषामुळे, की आणखी कशामुळे?

३.
सुरुवात १९५०च्या दशकातील अमेरिकेपासून. महायुद्ध संपले होते, हातात पैसा होता, पेट्रोल स्वस्त होते. मोटारी दरवर्षी अधिक लांब, अधिक जड आणि अधिक चकचकीत होत होत्या. मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे पंख आणि पुढे क्रोमची झळाळी, हीच प्रतिष्ठेची खूण मानली जात होती.
१९५८ साली मंदी आली आणि ग्राहक हिशेब करू लागला. फोक्सवॅगनची जर्मन 'बीटल' दिसायला कासवासारखी, पण स्वस्त आणि टिकाऊ होती. १९५९ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या दर दहा मोटारींपैकी साधारण एक परदेशी होती. अमेरिकन मोटर्सची 'रॅम्बलर' ही लहान देशी गाडीही जोरात खपत होती. डेट्रॉइटच्या तीन मोठ्या कंपन्यांना, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांना, आता हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नव्हते.

४.
१९५९च्या शरद ऋतूत तिघांनीही आपापली 'कॉम्पॅक्ट' गाडी बाजारात आणली. फोर्डची फाल्कन, क्रायस्लरची व्हॅलियंट आणि जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाची कॉर्व्हेअर. कॉर्व्हेअरचा दिवस होता २ ऑक्टोबर १९५९.
'कॉम्पॅक्ट' हा शब्द अमेरिकी मापाने घ्यायचा. कॉर्व्हेअरची लांबी सुमारे साडेचार मीटर होती, म्हणजे आपल्या ॲम्बॅसडरपेक्षाही ती लांब होती. अमेरिकी रस्त्यावर मात्र ती ठेंगणीच दिसे.

५.
फाल्कन आणि व्हॅलियंट या जुन्याच पद्धतीच्या गाड्या होत्या, फक्त आकाराने लहान. कॉर्व्हेअरने मात्र परंपरा मोडली. शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल हे हाडाचे अभियंते होते. त्यांनी इंजिन पुढून काढून मागे नेले. सहा सिलिंडरचे, ॲल्युमिनियमचे, हवेने थंड होणारे इंजिन, त्यामुळे रेडिएटर नाही आणि पाणीही नाही. पुढच्या इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा गेल्यामुळे गाडीच्या मधोमध येणारा उंचवटा गेला आणि सपाट जमिनीवर सहा माणसे बसू लागली.
अमेरिकेतील मोठ्या कंपनीने एवढे धाडस बऱ्याच वर्षांत केले नव्हते. 'टाइम' साप्ताहिकाने कोल यांना मुखपृष्ठावर स्थान दिले.

६.
धाडसाची किंमत गाडीच्या मागच्या भागात दडलेली होती. इंजिन मागे गेल्याने एकूण वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या चाकांवर आला. ती चाके 'स्विंग ॲक्सल' पद्धतीने बसवलेली होती.
छत्रीची काडी डोळ्यांसमोर आणावी. एका टोकाला बिजागरी, दुसरे टोक वरखाली झुलणारे. कॉर्व्हेअरच्या मागच्या चाकाचा दांडा असाच आतल्या बाजूला जोडलेला होता. चाक वरखाली झाले की ते सरळ न राहता तिरपे होई. वळणावर वेग फार असला तर बाहेरच्या बाजूचे चाक गाडीखाली दुमडल्यासारखे होई, मागचा भाग उचलला जाई आणि रस्त्यावरची पकड अचानक सुटे. अशा वेळी गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाई. क्वचित गाडी उलटेही.

७.
हा दोष कोणाला ठाऊकच नव्हता, असे नाही. स्विंग ॲक्सल बीटलमध्ये होता, पोर्शमध्येही होता. शेव्हरोलेचेच ज्येष्ठ अभियंते मॉरिस ऑली यांनी १९५३ साली युरोपीय गाड्यांविषयी लिहिताना, मागे इंजिन आणि स्विंग ॲक्सल या जोडीच्या धोक्याकडे बोट दाखवले होते.
उपायही माहीत होता. पुढच्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी, म्हणजे स्टॅबिलायझर बार, बसवली की गाडीचा कल आवरता येतो. मूळ आराखड्यात तिचा विचार झाला होता. खर्च वाचवण्याच्या ओघात ती वगळली गेली.

८.
दांडीच्या जागी कंपनीने टायरमधल्या हवेवर भिस्त ठेवली. पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्या टायरमध्ये २६ पौंड दाब ठेवावा, अशी सूचना होती. पुढची हवा मुद्दाम कमी ठेवली की मागची पकड आधी सुटत नाही, असा त्यामागचा हिशेब.
कागदावर हिशेब बरोबर होता. पण पेट्रोल पंपावर हवा भरणारा माणूस चारही चाकांत सारखीच हवा भरणार, हे कोणालाही सुचण्यासारखे होते. इतर सगळ्या गाड्यांत तो तेच करत आला होता. पुढचे टायर अर्धवट रिकामे दिसले तर तो ते प्रामाणिकपणे भरूनच देणार. माहितीपुस्तिकेतील एक ओळ सुरक्षेचा एवढा भार वाहू शकत नव्हती. आणि कॉर्व्हेअर घेणारा सामान्य अमेरिकी चालक आयुष्यभर पुढे इंजिन असलेली गाडी चालवत आलेला होता. नव्या गाडीचा स्वभाव वेगळा आहे, हे त्याला कोणी नीट सांगितले नव्हते.

९.
बाजारात काय घडले? पहिल्या वर्षी कॉर्व्हेअर सुमारे अडीच लाख विकली गेली, आणि साधीसुधी फाल्कन सव्वाचार लाखांहून अधिक. ज्याला फक्त स्वस्त, बिनकटकटीची गाडी हवी होती, त्याने फोर्ड घेतली. शेव्हरोलेनेही हे ओळखून 'शेव्ही टू' नावाची पारंपरिक छोटी गाडी १९६२ सालासाठी आणली.
कॉर्व्हेअरला तारले ते वेगळ्याच ग्राहकाने. १९६० साली आलेल्या 'मोन्झा' या आवृत्तीत स्वतंत्र आरामदायी आसने आणि खेळकर रूप होते. तरुण तिच्यावर खूश झाले. छोटी गाडी गरज म्हणून नव्हे, हौस म्हणूनही विकता येते, हे मोन्झाने सिद्ध केले. १९६२ साली टर्बो इंजिनाची 'स्पायडर' आली. टर्बो लावलेल्या जगातील पहिल्या विक्रीयोग्य मोटारींमध्ये तिची गणना होते.

१०.
हा धडा सर्वांत चांगला गिरवला तो प्रतिस्पर्ध्याने. फोर्डचे ली आयकोका मोन्झाच्या यशाकडे बारकाईने पाहत होते. १७ एप्रिल १९६४ रोजी फोर्डने 'मस्टँग' बाजारात आणली. फाल्कनच्याच सांगाड्यावर उभारलेली, स्वस्त, देखणी आणि हवे तेवढे मोठे इंजिन बसवता येणारी. कॉर्व्हेअरच्या मागच्या टोकात मोठे व्ही-आठ इंजिन बसणे शक्यच नव्हते.
मोन्झाने तयार केलेली बाजारपेठ मस्टँगने एका हंगामात काबीज केली.

११.
दरम्यान कंपनीने गाडीत दुरुस्ती केली होती. १९६४च्या आवृत्तीत पुढची स्टॅबिलायझर दांडी आली आणि मागे आणखी एक स्प्रिंग आली. कंपनीचे माजी वरिष्ठ अधिकारी जॉन डिलोरियन यांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, शेव्हरोलेचे नवे प्रमुख बंकी नडसन यांना या दुरुस्तीसाठी राजीनाम्याची भाषा करावी लागली होती. १९६५ साली मागचे सस्पेन्शन मुळापासून बदलले. ही दुसऱ्या पिढीची कॉर्व्हेअर दिसायलाही देखणी होती. वळणावरचा तिचा तोल पाहून परीक्षकांनी तिची तोंडभरून स्तुती केली.
पण रस्त्यावर धावणाऱ्या लाखो जुन्या गाड्यांचे काय? त्यांच्यासाठी जनरल मोटर्सविरुद्ध शंभराहून अधिक दावे न्यायालयांत उभे राहिले होते.

१२.
आता त्या तरुण वकिलाकडे. रॅल्फ नेडर १९३४ साली कनेक्टिकट राज्यातील विन्स्टेड या गावी, लेबनॉनहून आलेल्या कुटुंबात जन्मले. हार्वर्डमध्ये कायदा शिकत असतानाच मोटारींच्या रचनेत त्यांनी लक्ष घातले होते. १९५९ साली, कॉर्व्हेअर बाजारात येण्याच्याही आधी, 'द नेशन' या नियतकालिकात त्यांनी सुरक्षित मोटारीवर लेख लिहिला होता.
ही कल्पना एकट्या नेडर यांची नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळातील विमान अपघातातून वाचलेले ह्यू डीहेवन कॉर्नेल विद्यापीठात वर्षानुवर्षे अभ्यास करत होते. अपघातात माणूस मरतो तो पहिल्या धडकेने नव्हे, तर गाडीच्या आतल्या कठीण भागांवर आदळल्याने, हे त्यांच्या कामातून पुढे येत होते. म्हणजे अपघात टळला नाही तरी मृत्यू टाळता येतो. डॉक्टर आणि अभियंते हे बोलत होते, पण त्यांचा आवाज परिषदांच्या बाहेर पोहोचत नव्हता.

१३.
कारण तोवर अपघाताचे खापर फोडायला एक ठरलेले डोके होते, ते म्हणजे चालकाचे. तो बेफिकीर, तो प्यायलेला, तो अडाणी. उपायही त्याच्यासाठीच. त्याला शिकवा, त्याला दंड करा, रस्ता रुंद करा. गाडी कशी बनवली आहे, हा प्रश्न विचारण्याची पद्धतच नव्हती. १९५६ साली फोर्डने पट्टे आणि मऊ डॅशबोर्ड देऊन सुरक्षिततेची जाहिरात केली होती. त्या वर्षी शेव्हरोलेने विक्रीत बाजी मारली, आणि 'सुरक्षा विकली जात नाही' हे डेट्रॉइटचे ब्रीद झाले.
१९६५ साली अमेरिकेत रस्त्यांवर सुमारे ४७,००० माणसे मेली. त्या उन्हाळ्यात सिनेटच्या सुनावणीत रॉबर्ट केनेडी यांनी जनरल मोटर्सच्या प्रमुखांना आदल्या वर्षीचा नफा विचारला. उत्तर आले, १ अब्ज ७० कोटी डॉलर. सुरक्षेच्या संशोधनावरील खर्चाचा आकडा त्यापुढे नगण्य होता.

१४.
३० नोव्हेंबर १९६५ रोजी नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' प्रकाशित झाले. आठ प्रकरणांच्या या पुस्तकात कॉर्व्हेअरवर एकच प्रकरण होते, पण ते पहिले होते. उरलेली प्रकरणे सगळ्या मोटार उद्योगावर होती. छातीत घुसणारा स्टिअरिंगचा दांडा, डोळे दिपवणारे क्रोम, धूर आणि प्रदूषण, आणि चालकालाच दोषी ठरवणारी संपूर्ण व्यवस्था.
कॉर्व्हेअर हे या पुस्तकातले उदाहरण होते, आरोपपत्र मात्र सगळ्यांवर होते. लोकांच्या स्मरणात नेमके उलटे राहिले.

१५.
पुढे जे घडले ते कंपनीने स्वतःच्या हाताने ओढवून घेतले. जनरल मोटर्सच्या वतीने खासगी गुप्तहेर नेमण्यात आला. नेडर यांना नोकरी द्यायची आहे असे सांगून त्यांच्या परिचितांकडे चौकश्या झाल्या. राजकीय मते काय, लग्न का केले नाही, ज्यूंविषयी आकस आहे का, असे प्रश्न विचारले गेले. नेडर यांच्यावर पाळत ठेवली गेली. अपरात्री आपल्याला फोन येतात आणि अनोळखी स्त्रिया जवळीक साधू पाहतात, असेही त्यांनी सांगितले.
मार्च १९६६मध्ये हे वृत्तपत्रांत आले. कॉर्व्हेअरच्या दाव्यांशी नेडर यांचा आर्थिक संबंध आहे का, एवढेच पाहायचे होते, असा खुलासा कंपनीने केला. नेडर तेव्हा सिनेटच्या उपसमितीला साहाय्य करत होते. समितीच्या साक्षीदाराला छळणे हा गंभीर मामला होता. अध्यक्ष अब्राहम रिबिकॉफ यांनी रोश यांना बोलावले. त्यातून २२ मार्चची ती माफी आली.

१६.
तोवर बेताने खपणारे पुस्तक घरोघर गेले. सस्पेन्शनचे गणित सामान्य नागरिकाला कळत नव्हते. पण एवढी मोठी कंपनी एका माणसाच्या मागे हेर लावते, हे त्याला लगेच कळले. एवढा आटापिटा करते म्हणजे लपवण्यासारखे काहीतरी असणार, असे त्याने गृहीत धरले.
९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. दोन्ही सभागृहांत विधेयकाविरुद्ध एकही मत पडले नव्हते. मोटार कशी असावी याची किमान मानके ठरवण्याचा अधिकार प्रथमच संघराज्य सरकारकडे आला. १९६८पासून बनणाऱ्या मोटारींना सीटबेल्ट आणि धक्का शोषणारा स्टिअरिंगचा दांडा यांसारख्या गोष्टी बंधनकारक झाल्या.

१७.
न्यायालयांतही वारे फिरले. मोटारीचा 'हेतू' धडकणे हा नसतो, त्यामुळे धडकेत काय होईल याचा विचार करणे कंपनीवर बंधनकारक नाही, असा निकाल १९६६ साली एका संघीय अपील न्यायालयाने दिला होता. दोनच वर्षांनी दुसऱ्या अपील न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली. धडका होतात हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा त्यांत माणूस शक्य तितका वाचेल अशी रचना करण्याची काळजी निर्मात्याने घेतलीच पाहिजे.
तो दुसरा खटला १९६३च्या एका कॉर्व्हेअरचा होता. मात्र त्यात मुद्दा बदनाम मागच्या चाकांचा नव्हता. समोरासमोरच्या धडकेत मागे सरकून चालकाला जखमी करणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचा होता.

१८.
आणि गाडी? १९६६ साली सुमारे एक लाख, १९६७ साली २७ हजार, १९६८ साली १५ हजार आणि अखेरच्या वर्षी जेमतेम ६ हजार. १४ मे १९६९ रोजी शेवटची कॉर्व्हेअर बाहेर पडली. दहा वर्षांत एकूण सतरा लाखांहून अधिक गाड्या बनल्या.
तिला नेडर यांनी मारले, असे म्हटले जाते. पण कायद्याला आवश्यक तेवढेच बदल करायचे, यापुढे तिच्यावर नवे काम करायचे नाही, असा निर्णय कंपनीने एप्रिल १९६५मध्ये, म्हणजे पुस्तकाच्या सात महिने आधीच घेतला होता. त्याचे कारण मस्टँग होती. कॉर्व्हेअर वाऱ्यावर सोडली गेली होती, आणि पुस्तकाने तिचा उरलासुरला मानही गेला. बदनाम झालेली गाडी लगेच बंद केली तर दोष मान्य केल्यासारखे दिसेल, म्हणून ती उलट काही काळ अधिक जगली, असेही काही अभ्यासक मानतात.

१९.
१९७० साली नेडर यांनी खासगीपणाच्या भंगाबद्दल केलेला दावा जनरल मोटर्सने ४ लाख २५ हजार डॉलर देऊन मिटवला. तो पैसा ग्राहक चळवळीच्या कामी आला. ज्या कंपनीला नेडर यांचे तोंड बंद करायचे होते, तिनेच त्यांच्या संघटनांना भांडवल पुरवले.
१९७२ साली आणखी एक अनपेक्षित वळण आले. त्याच चळवळीतून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९६३ची कॉर्व्हेअर तिच्या समकालीन गाड्यांसोबत तपासली. त्यांत फाल्कन, व्हॅलियंट आणि बीटल होत्या. निष्कर्ष असा होता की, ताबा सुटण्याचा किंवा उलटण्याचा असाधारण धोका तिच्यात नाही, आणि ती त्या काळातील काही देशी-परदेशी गाड्यांइतकी तरी चांगली आहेच. तीन स्वतंत्र तज्ज्ञांनी चाचण्यांची पद्धत ग्राह्य मानली. नेडर यांनी अहवाल फेटाळला.

२०.
मग ते तीन 'म्हणून' कुठे उभे राहतात?
कॉर्व्हेअरच्या जुन्या आवृत्तीत दोष होता, आणि तो स्वस्तात टाळता आला असता. पण तो तिच्या एकटीचा नव्हता. ती मुख्यतः बाजाराने संपवली, पुस्तकाने शेवटचा धक्का दिला. कायदा झाला तो सस्पेन्शनच्या पुराव्यावर नव्हे. रस्त्यांवरचे हजारो मृत्यू, वर्षानुवर्षे दबलेले संशोधन आणि कंपनीचा उघडा पडलेला उद्दामपणा यांतून तो झाला.
एका गाडीवरचा आरोप सौम्य ठरल्याने कायद्याची गरज कमी होत नाही. १९६६ साली अमेरिकेत दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे साधारण साडेपाच माणसे मरत. २०१९ साली हे प्रमाण सुमारे १.१ होते. यात चांगले रस्ते, तातडीची वैद्यकीय मदत आणि दारूविरोधी कारवाई यांचा वाटा आहे, तसा पट्ट्यांचा आणि धक्का शोषणाऱ्या दांड्यांचाही आहे.
कॉर्व्हेअरच्या आधी अपघातानंतर एकच प्रश्न विचारला जाई, गाडी कोण चालवत होता? तिच्यानंतर त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन बसला, गाडी कोणी आणि कशी बनवली होती? अमेरिकेत आजही तिचे चाहते त्या जुन्या गाड्या जपतात, चालवतात. मागच्या आणि पुढच्या टायरमध्ये हवा वेगवेगळी ठेवायची असते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.